पट्टीचं शून्य

डार्विन, ४ सप्टेंबर

जॅनेल,

या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल असं लिहिणार होतो. पण चालणार नाही. या खेपेला उत्तर हवंच आहे, म्हणून सरळ कामाचं लिहितो.

पेलिकन ओढ्याजवळच्या आदिवासी वस्तीतल्या सिरिलचा फोन आला होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी त्याची माणसं ओढ्यावर, मेलेल्याच्या जागेची शुद्धी म्हणून, ओल्या पाल्याचा धूर करणार आणि त्यानंतर रस्ता मोकळा करणार. तुझा भाऊ डेन तिथे बुडाला त्या पावसाळ्यापासून त्यांनी तो रस्ता बंद ठेवला आहे. ओढ्यातल्या बुटक्या फरशीपुलाच्या दोन्ही अंगांना झाडं आडवी टाकली आहेत. वस्तीतल्या कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तरी वरच्या वाटेने, तीन तासांचा फेरा घेऊन नेतात. डेन त्यांचे सौरपंप दुरुस्त करायचा, त्यांच्यात जेवायचा, म्हणून त्यांनी त्याच्यासाठी हे पाळलं. आता पुरे झालं असं म्हाताऱ्या बायांनी ठरवलं आहे.

"बाप आल्याशिवाय धूर पेटवायचा नाही म्हणतायत," सिरिल म्हणाला. "येतोस ना? का तिकडं एसीत बसून गोठलास?"

येतो म्हणालो. पण जॅनेल, मला गाडी चालवता येत नाही. मार्चमध्ये डॉक्टरांनी परवाना काढून घेतला. नजरेच्या कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. हे पत्रही जाड पेनाने आणि अंदाजाने लिहितो आहे. शेजारच्या व्हूलाला म्हटलं, हळूहळू जाईन एकटा. ती म्हणाली, "मर्व्ह, परवा तू माझ्या कोंबडीला मांजर समजून हाकललंस. तू रस्त्यावर आलास तर मी स्वतः पोलिसांना फोन करेन."

म्हणून बेत असा केला आहे. तू त्याआधीच्या बुधवारी लॉन्सेस्टनहून विमानाने ये. गाडी तयार आहे, व्हूला दर रविवारी सुरू करून ठेवते. गुरुवारी सकाळी निघायचं, कॅथरीनला जेवायचं, मातारांकाला मुक्काम. शुक्रवारी पहाटे पूर्वेला वळून रोपर बार. तिथे टाकी गच्च भरायची आणि पुढे दक्षिणेला कच्च्या रस्त्याने नव्वद किलोमीटर. त्याला चार तास धर. शुक्रवारी दुपारीच पोहोचलं पाहिजे, शनिवारी नाही. लोक जमायच्या आधी मला तिथे थोडं काम आहे. त्याच्या नावाचा एक क्रूस लावायचा आहे.

नोव्हेंबरवर ढकलता येणार नाही. एकदा वळीव सुरू झाले की ती माती गाडीला सोडत नाही.

तू दोन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस. ते का, हे मला माहीत आहे. त्याबद्दल या पत्रात काही मागत नाही. फक्त गाडी चालव.

बाबा


डार्विन, १६ सप्टेंबर

जॅनेल,

पत्र मिळालं असेल असं धरून पुढचं लिहितो.

जादा चाकं दोन घेतली आहेत, एकावर भागत नाही. पाणी साठ लिटर. कच्च्या रस्त्याला लागलं की चाकांतली हवा कमी करायची, ते मी उतरून करीन, हाताला सवय आहे. पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी. ऊन कलल्यावर गाडी चालवायची नाही. त्या वेळी म्हशी रस्त्यावर येऊन उभ्या राहतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत. तुला हे सगळं येतं. तुम्हा दोघांना मीच शिकवलं आहे. पण लिहिल्याने मला बरं वाटतं.

मागच्या शेडमधून पहार काढली, चोवीस नंबरचा पाना, सिमेंटच्या दोन गोण्या, पातळी मोजायची माझी लेव्हल, तिची तिवई आणि आकड्यांची काठी. लेव्हलच्या भिंगाला बुरशी आली होती, व्हूलाने पुसून दिली. तुला त्यातून बघून मला आकडे सांगावे लागतील. अर्ध्या तासाचं काम आहे.

रस्त्याची हालत विचारायला आमच्या जुन्या खात्यात फोन केला होता. कोणी नवीन मुलगी होती, चांगली बोलली. मी सहज विचारलं की पेलिकन ओढ्यावरची पाणी मोजायची पट्टी यंदा तपासणार का. ती म्हणाली, "यादीत पुढच्या मे महिन्यात आहे. पट्टीत काही दोष आहे का? तुमच्या माहितीत असेल तर लेखी द्या. उद्या माणूस पाठवते." मी म्हटलं, नाही, तसं काही नाही.

सिरिलने पुन्हा फोन केला. रस्ता मोकळा झाला की सोमवारपासून शाळेची गाडी त्याच वाटेने सुरू करणार आहेत. तो खूश आहे. मी म्हटलं, पाऊस लागल्यावर जरा जपून. तर हसायला लागला. "आम्हाला शिकवतोस? मगरींच्या पाण्यात उतरून खोली बघणारे दोनच, एक पर्यटक आणि दुसरा मेलेला. आम्ही पट्टी बघतो, म्हाताऱ्या. तुझीच पट्टी."

जॅनेल, तारीख कळव. एका ओळीने कळव.

बाबा


डार्विन, २९ सप्टेंबर

जॅनेल,

तुझं कार्ड आलं. व्हूलाने वाचून दाखवलं. तिला वाटलं मागच्या बाजूला आणखी काही असेल, तिने उलटून पाहिलं.

"क्रूस लावायला लेव्हल कशाला लागते?"

त्याला उत्तर सोपं आहे. तिथली जमीन उताराची आहे. क्रूस तिरका उभा राहिला तर पहिल्या पुरात पडेल. आयुष्यभर हेच काम केलं, त्यामुळे हातात लेव्हल असल्याशिवाय मला काही उभं करवत नाही. तू उगाच शंका घेतेस. डेनच्या मृत्यूच्या चौकशीच्या वेळीही तू अशाच शंका घेतल्यास. चौकशी करणाऱ्या कोरोनरने सगळं ऐकून निकाल दिला की चालकाने पाण्याचा अंदाज चुकवला. त्यात मी काय करणार होतो?

तिकीट काढ. दिवस थोडे आहेत.

बाबा


डार्विन, ३० सप्टेंबर

जॅनेल,

कालचं पत्र पेटीत टाकायला गेलो होतो आणि परत घेऊन आलो. फाडणार होतो. फाडलं नाही, यासोबतच पाठवतो आहे. मी कसा खोटं बोलतो ते तुझ्याजवळ माझ्या अक्षरात असू दे.

पट्टी चुकीची आहे. ती मी लावली.

त्याच्या आदल्या वर्षी जुनी फरशी पुराने वाहून गेली. नवी ओतली तेव्हा पाणी वरून सहज जावं म्हणून जुनीपेक्षा खाली ओतली. माझीच टोळी होती. सगळं काम नीट झालं. शेवटी पट्टीचा खांब तेवढा राहिला. लेव्हल दुसऱ्या गाडीत होती आणि ती गाडी सकाळीच पुढच्या कामावर गेली होती. काठावरच्या खडकात एक जुना लोखंडी खिळा आहे. तीस वर्षं मी त्या खिळ्यावरून शून्य धरत आलो. पोरं गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. मी खिळ्यावरून दोरी ताणली आणि खांब रोवला. खिळा जुन्या फरशीच्या पातळीचा होता. फरशी खाली गेली होती, खिळा तिथेच होता. अर्धा मीटर किंवा थोडा जास्त फरक असेल, म्हणजे पट्टी तेवढं पाणी कमी दाखवते.

हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. घरी येताना वाटेत आलं. मनात म्हटलं, पुढच्या फेरीत लेव्हल लावून सरकवू. पुढची फेरी झाली नाही. जूनमध्ये मी निवृत्त झालो, तुम्ही दोघांनी मला ते घड्याळ दिलंत.

कोरड्या दिवसांत पट्टीकडे कोण बघतो? फरशीवर पाणीच नसतं.

आता दुसरं. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

डेनने त्या दिवशी ओढ्यावरून मला फोन केला होता. चौकशीत त्या फोनबद्दल विचारलं तेव्हा मी सांगितलं की मासे धरायला कधी जायचं ते विचारत होता. तसं नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, पट्टी तीस दाखवतेय, पण पाणी मला जड वाटतंय. थांबू का?"

तीस म्हणजे तीस सेंटिमीटर, चाकाच्या मध्यापर्यंतही नाही. मी क्रिकेट बघत होतो. मी म्हटलं, "तिसाला तर तुझी आईसुद्धा तिची छोटी गाडी घेऊन गेली असती. जा. घाबरतोस काय?"

तो हसला. "बरं, बॉस," म्हणाला.

जॅनेल, त्या क्षणी मला खिळा आठवला नाही. खरंच नाही. पोलिसांचा फोन आला तेव्हा आठवला. त्यांनी अजून नाव सांगितलं नव्हतं, आणि मला आठवला.

साक्षीत मी शपथेवर म्हणालो की पट्टी मी लावली आहे आणि ती बरोबर आहे. तू बाकावरून उठून म्हणालीस, "पट्टी न वाचता तो पाण्यात उतरणारा नव्हताच, बाबा. तूच शिकवलंस त्याला." तुला गप्प बसवलं गेलं. मी तुझ्याकडे बघितलं नाही. बाहेर आल्यावर तू जे बोललीस त्यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं.

क्रूस वगैरे काही नाही. शुक्रवारी लोक यायच्या आत खांब उपटून अर्धा मीटर खाली बसवायचा, हा बेत होता. कोणाला कळणारही नव्हतं. तू आकडे सांगितले असतेस आणि तुलाही कळलं नसतं. कळलं असतं. तू कार्ड पाठवलंस.

डोळे गेल्यापासून हा एकच रस्ता उरला होता आणि त्यावर न्यायला तूच उरली होतीस. धूर झाला की सोमवारपासून शाळेची गाडी सुरू होते. पहिला मोठा पाऊस कधी येईल ते कोणीही सांगू शकत नाही. मी काय करू ते सांग.

बाबा


डार्विन, ११ ऑक्टोबर

जॅनेल,

तुझा निरोप व्हूलाने दिला. तू मला फोन न करता तिला केलास ते बरं केलंस. मी फोनवर काहीतरी वेगळंच बोललो असतो.

ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. नेहमी आत येऊन किटली ठेवते, या वेळी आली नाही. म्हणाली, "तुझी मुलगी म्हणते, आधी कोरोनरला सगळं लिहून दे. मग सिरिलला स्वतः सांग. ही दोन्ही कामं झाली की ती येईल, गाडी चालवेल. गाडीत तू तोंड उघडायचं नाहीस. जे सांगायचं ते कागदावर." मग म्हणाली, "आणि मर्व्ह, मी दोन वर्षं तुझ्यासाठी पालकाचे पॅटिस करून आणत होते. तुझं पोर गेलं म्हणून." आणि ती तिच्या घरात गेली.

तरी संध्याकाळी आली. लेखी जबाब तिने टाइप केला. मी सांगत होतो, ती लिहीत होती. खिळ्याजवळ आल्यावर मी म्हटलं, "लेव्हल उपलब्ध नव्हती असं लिही." ती म्हणाली, "नव्हती की आणली नव्हती?" मी म्हटलं, आणली नव्हती. तेच लिहिलं. मंगळवारी रजिस्टर पोस्टाने कोरोनरला एक प्रत गेली, खात्याला एक. पोचपावत्या यासोबत आहेत.

खात्यातून त्याच मुलीचा फोन आला. खांबाला हात लावायचा नाही म्हणाली, तो आता पुरावा आहे. धुराच्या शनिवारी त्यांचा इंजिनियर आणि एक पोलीस बाई तिथे येऊन मापं घेणार. म्हणजे माझी लेव्हल, पहार, सिमेंट, काहीच न्यायचं नाही. शेडमध्ये परत ठेवलं.

आता सिरिल. त्याला फोन करायला मला चार दिवस लागले.

मी सगळं एका दमात सांगितलं. मागे कोणाचं तरी लहान मूल रडत होतं.

मग सिरिल म्हणाला, "म्हणजे रस्ता बंद होता म्हणून आमच्यातलं कोणी मेलं नाही."

"हो."

"आणि आम्ही तो उघडणार होतो. तुला सांगून. तू येतो म्हणालास."

"शुक्रवारी दुरुस्त करणार होतो मी."

"आंधळा तू. गाडी कोण चालवणार होतं?"

"जॅनेल."

"ती तुझ्याशी बोलत नाही. ती आली नसती तर?"

जॅनेल, मी त्या प्रश्नापर्यंत कधी गेलोच नव्हतो. तू आली नसतीस तर मी काय केलं असतं? तू विचारलंस तर तुलाही सांगता येणार नाही. मला भीती वाटते की मी डार्विनमध्ये बसून रेडिओवर पावसाचा अंदाज ऐकत राहिलो असतो.

सिरिल म्हणाला, "झाडं जिथं आहेत तिथंच राहतील. तू मात्र यायचंस. बाप म्हणून बोलावत नाही. खांब कोणी रोवला ते आमच्या बायांना त्यांच्या तोंडावर सांगायला ये." मग फोन ठेवला. एरवी तो फोन ठेवताना एखादी शिवी देतो. या वेळी दिली नाही.

तुझं विमान बुधवारी, तेवीस तारखेला, दुपारी दोनला उतरतं. व्हूला घ्यायला येईल. मी घरी थांबेन.

बाबा


रोपर बार, २७ ऑक्टोबर, सकाळ

जॅनेल,

तू पंपावर आहेस. मी दुकानाच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. अट मी पाळली. तीन दिवसांत तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. मातारांकाच्या पुढे चाक बसलं तेव्हाही नाही, तू जॅक उलटा लावत होतीस तरी.

काल वस्तीतल्या त्या छपराखाली काय झालं ते तुला कळलं पाहिजे. तू लांब गाडीत बसली होतीस.

तीसेक माणसं होती. सिरिलने मला उभं केलं आणि स्वतः माझ्यापासून चार पावलं दूर जाऊन बसला. मी सांगितलं. खिळा, दोरी, फोन, साक्ष, सगळं. मला चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे सोपं गेलं असेल. मधेच कोणीतरी त्यांच्या भाषेत पुढे सांगत होतं. माझं बोलणं संपलं तेव्हा सिरिलची मोठी बहीण मेव्हिस उठली. तिचा नातू शाळेच्या गाडीने जातो.

ती म्हणाली, "तुझ्या पोरासाठी आम्ही दोन पावसाळे हा रस्ता सोडला. माझ्या भावजयीला कळा सुरू झाल्या तेव्हा वरच्या वाटेनं नेलं, बाळ वाटेतच झालं. तरी कोणी कुरकुर केली नाही. तू आमच्यासाठी काय सोडलंस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

ती म्हणाली, "बोलू नकोस. तिथंच उभा राहा. उन्हात."

म्हणून मी बाहेर उभा होतो. तू बघितलंस आणि पाण्याची बाटली घेऊन निम्म्या वाटेपर्यंत आलीस. मग ती जमिनीवर ठेवून परत गेलीस. मी ती घेतली नाही. मेव्हिसने राहा म्हटलं होतं.

ओढ्यावरचं तुला माहीत आहे, पण मला जे ऐकू आलं ते लिहितो. इंजिनियर एकटाच लेव्हल लावत होता आणि काठी धरायला माणूस नव्हता. पोलीस बाईंचं लक्ष डोहातल्या मगरीवर होतं. काठी तू घेतलीस, तुझ्या बुटांचा आवाज फरशीवर गेला. डेनची गाडी जिथून घसरली त्या जागी तो आवाज थांबला. इंजिनियरने दोन मापं घेतली आणि म्हणाला, "बावन्न सेंटिमीटर."

तू विचारलंस, "म्हणजे पट्टी तीस दाखवत असेल तर फरशीवर पाणी ब्याऐंशी?"

"हो."

"आणि वाहतं."

"हो."

"मग त्यानं नीट वाचलं होतं."

"वाचण्यात काही चूक नव्हती," तो म्हणाला.

मग त्यांनी धूर पेटवला आणि मेव्हिस तुला हाताला धरून धुरात घेऊन गेली. मला ओढ्याच्या अलीकडे ठेवलं. ते योग्यच होतं. ओल्या पाल्याचा धूर माझ्यापर्यंत आला, पण मी मागे सरकलो. तो माझ्यासाठी नव्हता. तू आतमध्ये मोठ्याने रडत होतीस. आई गेली तेव्हाही तू रडली नव्हतीस.

नवा खांब आठवड्याभरात बसेल. इंजिनियरने सिरिलला कागदावर लिहून दिलं आहे. तो बसला की सिरिल स्वतः काठी धरून तपासणार आणि मगच झाडं हटवणार. आपण निघताना सिरिल माझ्याजवळ आला. म्हणाला, "तुझ्याशी परत कधी बोलेन ते मला माहीत नाही. वाट बघू नकोस." मी बरं म्हटलं.

पोलीस बाईंनी सांगितलं की खोट्या साक्षीचा गुन्हा दाखल होईल. डिसेंबरमध्ये बोलावतील. मी वकील करणार नाही.

त्यांनीच एक अर्ज दिला आहे. निकालात डेनच्या नावापुढे जे वाक्य आहे ते बदलून घ्यायचा. तो जवळच्या नातेवाइकाने करायचा असतो. माझी सही चालणार नाही, मी त्यात साक्षीदार आहे. तुझी चालेल. बदलाचं कारण लिहायला चार ओळींची जागा आहे. रात्री ते मी माझ्या हाताने लिहिलं, तू ते वाचावंस म्हणून. असं लिहिलं आहे:

"चालकाने पट्टी बरोबर वाचली होती. पाणी जास्त आहे हेही त्याने ओळखलं होतं. त्याने वडिलांना विचारलं. वडिलांनी जा म्हटलं."

अर्ज तुझ्या सीटवर ठेवतो. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, मला दिसत नाहीत. कुठे मी स्वतःला वाचवलं आहे असं वाटलं तर तिथे खोड आणि तुझ्या शब्दांत लिही. मग सही कर. पेन पत्राला अडकवलं आहे.

बाबा